जलोदराची साक्ष

वैद्यकाचा इतिहास लिहिणाऱ्यांची एक जुनी खोड आहे. शोधामागून शोध ते अशा रीतीनें मांडीत जातात कीं, वाचणारास ती एखाद्या सैन्याची विजययात्राच वाटावी: अमुक सालीं हा गड सर झाला, तमुक सालीं तो. देवी, घटसर्प, प्लेग यांच्या बाबतींत ही पद्धति बरीचशी शोभून जाते. कारण तेथें शत्रु बाहेरचा होता, आणि तो किती मागें हटला हें आंकड्यांनीं दाखवितां येतें. परंतु कांहीं रोगांचा इतिहास या सांच्यांत बसवूं गेल्यास तो खोटा होतो. स्त्रियांच्या अंडाशयाचा कर्करोग हा अशांपैकीं एक होय. येथें शोध थोडे लागले असें नाहीं, पुष्कळ लागले. मात्र त्यांतले बहुतेक दुसऱ्याच कशाचा तरी पाठलाग चालला असतां लागलेले आहेत, आणि ज्या एका गोष्टीसाठीं स्त्रियांनीं व वैद्यांनीं त्यांच्याकडे डोळे लावले, ती गोष्ट, म्हणजे रोग वेळेवर ओळखून जीव वांचविणें, अद्याप साधलेली नाहीं.

असें कां झालें हें पाहण्यासाठीं या लेखांत एकच धागा हातीं धरावयाचा आहे. शरीरांतील पेशींना वाढण्याची आज्ञा देणारीं कांहीं द्रव्यें आहेत. इंग्रजींत त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. आपण त्यांस वृद्धिकारक द्रव्यें म्हणूं. त्यांचा शोध कसा लागला, अर्बुदाची खूण म्हणून लोक त्यांच्याकडे कां वळले, आणि त्या खुणेची साक्ष कोठपर्यंत टिकली, एवढाच येथें प्रश्न आहे.

प्रथम रोगाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. अंडाशय हा बदामाएवढा अवयव. तो ओटीपोटांत खोल बसलेला असतो व त्याच्या भोंवतीं आंतड्यांची मोकळी जागा असते. तेथें अर्बुद वाढूं लागलें तरी कोणत्याही वाटेंत अडथळा येत नाहीं. पोट जड वाटणें, चार घांसांतच पोट भरणें, भूक मंदावणें, वरचेवर लघवीस जावें लागणें या त्याच्या तक्रारी. आणि आपल्या घरांतून बायकांच्या असल्या तक्रारींची वासलात बहुधा ओव्याहिंगावरच लागते. रोग अंडाशयापुरता असतांना हातीं आला तर दहांपैकीं नऊ स्त्रिया पांच वर्षें तरी जगतात. तो पोटभर पसरल्यावर कळला तर दहांपैकीं सुमारें तीनच जगतात, आणि बहुतेक स्त्रियांच्या बाबतींत तो तसाच उशिरां कळतो. पुढील साऱ्या खटाटोपाचें मूळ या दोन आंकड्यांमधील अंतरांत आहे.

रोग पसरला म्हणजे पुष्कळदां पोटांत पाणी सांचतें. जलोदर ही आपल्या वैद्यकाला फार पुरातन काळापासून ठाऊक असलेली व्याधि. सुश्रुतानें तें पाणी काढण्याचा विधि बारकाईनें सांगितला आहे: नाभीच्या खालीं, डाव्या अंगास चार बोटें सोडून व्रीहिमुख नांवाच्या शस्त्रानें वेध घ्यावा, त्यांत नळी बसवावी, आणि सर्व पाणी एकाच दिवशीं काढूं नये. ही शेवटची सूचना आजच्या डॉक्टरासही पटेल अशी आहे. जलोदराचीं कारणें अनेक. यकृताचे, हृदयाचे विकार त्यांत येतात, व सुश्रुताच्या रुग्णांत अंडाशयाच्या अर्बुदाच्या किती असतील हें सांगण्यास साधन नाहीं. एवढें खरें कीं, त्या काळापासून विसाव्या शतकापर्यंत हें पाणी म्हणजे काढून फेंकण्याची वस्तु होती. त्यांत कांहीं वाचण्यासारखें लिहिलें आहे ही कल्पना फार पुढची.

अंडाशयाच्या गांठीवर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली ती १८०९ सालच्या डिसेंबरांत, अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत डॅनव्हिल या लहानशा गांवीं. शस्त्रवैद्याचें नांव इफ्रेम मॅक्डॉवेल. रुग्णा जेन टॉड क्रॉफर्ड. बाई गरोदर असून दिवस भरून गेले आहेत अशी आसपासच्या डॉक्टरांची समजूत होती. मॅक्डॉवेलनें तपासून गर्भ नसल्याचें सांगितलें, व इलाज करणें असेल तर माझ्या गांवीं यावें लागेल, तोही प्रयोगच, असेंही स्पष्ट बजावलें. ती बाई भर हिवाळ्यांत घोड्यावर बसून साठ मैल आली. भुलीचें औषध तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. पंचवीस मिनिटें पोट उघडें होतें व ती स्तोत्रें म्हणत होती. गांठ साडेबावीस पौंडांची निघाली. पंचवीस दिवसांनीं ती परत घोड्यावरून घरीं गेली आणि पुढें बत्तीस वर्षें जगली. तिची गांठ कर्करोगाची नव्हती हें त्या दीर्घायुष्यावरूनच उघड होतें. पण अंडाशय काढून माणूस जगूं शकतें हें त्या बाईच्या धैर्यानें सिद्ध झालें. वैद्यकाच्या इतिहासांत चाकू धरणाराचें नांव मोठ्या अक्षरांत व चाकूखालीं निजणाराचें तळटीपेंत असतें. येथें तरी तो क्रम उलटावा असें आम्हांस वाटतें.

शस्त्रानें गांठ काढतां आली तरी ती आंत आहे हें न उघडतां कळावें कसें? अर्बुद आपली कांहीं खूण शरीराच्या रसांत सोडतें, याचा पहिला दाखला लंडनच्या हेन्री बेन्स जोन्सनें १८४७ सालीं दिला. हाडें मऊ पडत चाललेल्या एका रुग्णाच्या लघवींत त्याला एक चमत्कारिक प्रथिन आढळलें. मज्जेच्या एका कर्करोगाची ती खूण होती. पुढें शंभर वर्षें या वाटेनें फारसें कोणी गेलें नाहीं. १९६३ त रशियांत आबेलेव्ह यांस यकृताच्या अर्बुदाची, आणि १९६५ त कॅनडांत गोल्ड व फ्रीडमन यांस आंतड्याच्या अर्बुदाची खूण सांपडली. दोन्ही द्रव्यें गर्भावस्थेंत असणारीं व पुढें लुप्त होणारीं होतीं. अर्बुद म्हणजे जणूं भलत्या वेळीं परतलेलें बाल्य, अशी एक कल्पना त्यामुळें रूढ झाली.

वृद्धिकारक द्रव्यांचा इतिहास मात्र या शोधांशीं कांहीं संबंध न ठेवतां, निराळ्याच माणसांच्या हातून, बहुतेक योगायोगानें घडला. १९१२ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें अलेक्सी कॅरेल यानें कोंबडीच्या गर्भांतील हृदयाचा तुकडा काचेच्या भांड्यांत जिवंत ठेवला. पेशींना नुसतें अन्न पुरत नाहीं, गर्भाचा अर्क घातला कीं त्या जोमानें वाढतात, असें त्याला दिसून आलें. म्हणजे त्या अर्कांत अन्नाहून वेगळें, हुकमासारखें कांहीं असलें पाहिजे. कॅरेलच्या ‘अमर’ पेशींचा डंका पुष्कळ वर्षें वाजत राहिला. सामान्य पेशींना अमरत्व नसतें हें १९६१ त हेफ्लिक व मूरहेड यांनीं दाखविल्यावर तो थांबला. पण हुकमाची कल्पना खरी होती.

तिला रूप दिलें तें रीता लेव्ही-मोंताल्चिनी या बाईंनीं. त्यांचा जन्म इटलींतील तुरिन शहरीं १९०९ सालीं, एका यहुदी घराण्यांत झाला. वैद्यकाची पदवी मिळाली, आणि १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनीं विश्वविद्यालयाचीं दारें बंद झालीं. बाईंनीं आपल्या निजण्याच्या खोलींत प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून शस्त्रें केलीं, कोंबडीचीं अंडीं आणून उबविलीं, व गर्भांतील मज्जातंतू कसे वाढतात हें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूं लागल्या. बाँबवर्षाव सुरू झाला तेव्हां हें बिऱ्हाड खेड्यांत गेलें. युद्धानंतर, १९४७ त, अमेरिकेंत सेंट लुई येथें हॅम्बर्गर यांच्याकडे त्या रुजू झाल्या. दुसऱ्याच एका संशोधकानें उंदराचें एक अर्बुद कोंबडीच्या गर्भांत रोंविलें होतें व मज्जातंतू त्या अर्बुदाकडे धांवत सुटले होते. बाईंनीं या दृश्याचा पिच्छा पुरविला. १९५२ त तें अर्बुद धारण करणारे दोन उंदीर बरोबर घेऊन त्या विमानानें ब्राझीलला गेल्या. तेथें रिओ दि जानेरोच्या प्रयोगशाळेंत काचेवर ठेवलेल्या मज्जापेशींभोंवतीं, अर्बुदाच्या शेजारीं, तंतूंचें प्रभावळीसारखें वलय उमटलें. स्पर्श झाला नव्हता. तेव्हां अर्बुदांतून कांहीं तरी झिरपत होतें.

तें द्रव्य हुडकण्याचें काम स्टॅन्ली कोहेन यांनीं केलें. सापाच्या विषांत तें अर्बुदाहून कितीतरी अधिक आहे असें आढळलें. म्हणून विषाच्या ग्रंथींशीं साम्य असलेल्या उंदराच्या लाळग्रंथींकडे ते वळले, तर तेथेंही तें विपुल होतें. त्या ग्रंथींचा अर्क नवजात उंदरांस टोंचला असतां त्यांचे डोळे सुमारें आठवडाभर आधींच उघडले. दुसरा कोणी असता तर मळ राहिला म्हणून तो अर्क पुन्हा गाळीत बसला असता. कोहेन यांनीं तें डोळे उघडणारें द्रव्यच वेगळें काढलें. त्वचेच्या पेशी वाढविणारें हें दुसरें वृद्धिकारक द्रव्य त्यांनीं १९६२ त प्रसिद्ध केलें. दोघांस १९८६ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

या कथेंतील आणखी एक पाऊल आमच्या विषयास फार जवळचें आहे, आणि सामान्य ग्रंथांतून त्याकडे दुर्लक्ष होतें. पेशी भांड्यांत वाढविणारे लोक अन्नाबरोबर सीरम घालीत असत. सीरम म्हणजे रक्त साकळूं दिल्यावर वर सुटणारें पिवळसर पाणी. रक्त साकळूं न देतां त्यांतील पेशी वेगळ्या केल्या तर उरणारा द्रव तो प्लाझ्मा. दिसण्यांत दोहोंत भेद नाहीं. परंतु १९७४ त सिॲटल येथील रसेल रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, धमनीच्या स्नायुपेशी सीरममध्यें वाढतात, आणि प्लाझ्मापासून केलेल्या सीरममध्यें जवळजवळ स्वस्थ राहतात. रक्त साकळतांना त्यांतील प्लेटलेट नांवाचे कण फुटतात व आपल्या पोटांतील वृद्धिकारक द्रव्य बाहेर टाकतात. जखम भरून निघावी म्हणून निसर्गानें केलेली ही तजवीज. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी; पुढें ती अनेकांना महागांत पडणार आहे.

अर्बुद व वृद्धि यांचा संबंध आतां कोणाच्याही लक्षांत येण्याजोगा होता. १९८० त स्पोर्न व टोडारो यांनीं असा विचार मांडला कीं, कर्करोगाची पेशी स्वतःच वृद्धिकारक द्रव्य तयार करते व स्वतःच त्याचा हुकूम पाळते. १९८३ त, माकडांत अर्बुद उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचें जनुक हें प्लेटलेटमधील त्या द्रव्याच्याच जनुकाची नक्कल आहे असें सिद्ध झालें. आज्ञा देणारा व पाळणारा एकच झाल्यावर वाढ थांबवावी कोणी?

त्याच १९८३ सालीं दोन शोध प्रसिद्ध झाले. दोन्ही बोस्टन शहरांतले. एकाचा विषय थेट जलोदराचें पाणी होता. हॅरल्ड ड्व्होरॅक, डोनल्ड सेंगर व त्यांचे सहकारी यांनीं गिनीपिगच्या पोटांत अर्बुदपेशी वाढविल्या असतां पाणी कां सांचतें याचा शोध घेतला. अर्बुदाच्या पेशी एक प्रथिन सोडतात. त्यानें सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरूं लागतात, आणि रक्तांतील द्रव पोटांत उतरतो. इकडे फोकमन यांनीं १९७१ पासून प्रतिपादन चालविलें होतें कीं, अर्बुदास वाढावयाचें तर नव्या रक्तवाहिन्या ओढून घ्याव्या लागतात, व त्या ओढणारें कांहीं द्रव्य असलें पाहिजे. १९८९ त कॅलिफोर्नियांत नेपोलियोने फेरारा यांनीं गाईच्या मेंदूतळच्या पिट्युटरी ग्रंथीच्या पेशींपासून असें द्रव्य वेगळें केलें. त्याची घडण पाहतां, तें व ड्व्होरॅक यांचें पाझर उत्पन्न करणारें प्रथिन एकच ठरलें. त्यास व्हीईजीएफ असें आद्याक्षरी नांव पडलें. अंडाशयाच्या कर्करोगांत तें अर्बुदांत व जलोदराच्या पाण्यांत भरपूर आढळतें, हें पुढील कांहीं वर्षांत निश्चित झालें. शतकानुशतकें फेंकलेल्या पाण्यांत अर्बुदाचा हुकूमनामा होता.

दुसरा शोध रॉबर्ट बास्ट, रॉबर्ट नॅप व सहकारी यांचा. अर्बुदपेशी टोंचून उंदरांत तयार केलेल्या प्रतिपिंडांपैकीं एकशेंपंचविसावा उपयोगी ठरला. म्हणून त्यानें ओळखल्या जाणाऱ्या द्रव्याचें नांव सीए-१२५. हें वृद्धिकारक नव्हे; पेशींच्या पृष्ठावरील एक प्रचंड बुळबुळीत प्रथिन आहे, व त्याचें जनुक २००१ त ओळखलें गेलें. बास्ट यांच्या १९८३ च्या निबंधांत १०१ रुग्णांपैकीं ८३ जणींत तें ३५ एककांवर होतें, आणि ८८८ निरोगी माणसांपैकीं अवघ्या एक टक्क्यांत. रोग वाढला किंवा हटला त्या ४५ प्रसंगांपैकीं ४२ वेळां त्याचा आंकडाही त्याच दिशेनें हालला. रोगाचा पाठपुरावा करण्यास इतकें चांगलें साधन पूर्वीं कधीं नव्हतें. पण त्याचे दोष लवकरच दिसले. अर्बुद लहान असतांना सुमारें निम्म्या जणींत तें वाढतच नाहीं. उलट मासिक पाळींत, गरोदरपणांत, यकृताच्या रोगांत तें वाढतें. पोटाच्या क्षयांत तर तें इतकें चढतें कीं, जलोदर व चढलेलें सीए-१२५ पाहून आपल्या देशांत कर्करोगाची शस्त्रक्रिया करावयास घेतलेल्या कित्येक स्त्रियांच्या पोटांत क्षयाचे दाणे निघाले आहेत. बातमी वाईट असल्याबद्दल शस्त्रवैद्यानें देवाचे आभार मानावे असे प्रसंग थोडेच. हा त्यांतला एक.

सीए-१२५ ही अर्बुदाची नुसती गळलेली खपली. वृद्धिकारक द्रव्य म्हणजे त्याचें प्रत्यक्ष कर्तृत्व. तेव्हां खपलीपेक्षां कर्तृत्व मोजलें तर साक्ष अधिक खरी निघेल, हा तर्क सुचणें अगदीं स्वाभाविक होतें. तर्क सुंदर होता, आणि तो बहुतांशीं फसला.

फसण्याचें एक कारण वाचकांच्या आतां ध्यानांत आलेंच असेल. अर्बुदाचें व्हीईजीएफ मोजण्यासाठीं पुष्कळांनीं सीरम वापरलें. पण प्लेटलेटच्या पोटांत हेंही द्रव्य असतें, व रक्त साकळतांना तें बाहेर पडतें. म्हणजे नळींत जें मोजलें गेलें तें कांहीं अर्बुदाचें, व कांहीं तपासणीसाठीं काढलेल्या रक्ताचेंच. शिवाय या रोगांत प्लेटलेटची संख्याही पुष्कळदां वाढलेली असते; त्यामुळें आंकडा रोगाबरोबर चढे हें खरें, पण नक्की कशामुळें चढे हें कळेना. रॉसनें १९७४ त जी गोष्ट शोध म्हणून सांगितली तीच वीस वर्षांनीं चूक होऊन परत आली. लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल या स्निग्ध द्रव्याचीही कथा तीच. जलोदराच्या पाण्यांतील पेशीवर्धक गुण शोधतांना तें सांपडलें. १९९८ त एका लहान पाहणींत अगदीं आरंभींच्या अवस्थेंतील दहांपैकीं नऊ रुग्णांत तें वाढलेलें आढळलें, तेव्हां केवढी आशा उत्पन्न झाली! २००२ त दुसऱ्यांनीं मोजलें तर रोगी व निरोगी यांत भेद दिसेना. रक्त काढल्यावर तें उभें राहूं दिलें तर हें द्रव्यही त्यांत आपोआप तयार होत राहतें.

दुसरें कारण अधिक खोल आहे. वृद्धिकारक द्रव्यें हीं अर्बुदाची खासगी मालमत्ता नव्हत. अर्बुदानें तीं शरीराच्या नित्य कारभारांतून चोरलेलीं आहेत. आणि अंडाशय हा तर असा अवयव कीं, जेथें दर महिन्यास बीज फुटून जखम होते, नव्या रक्तवाहिन्या उगवतात, व विरून जातात. प्रौढ शरीरांत हें काम नियमानें चालणाऱ्या जागा फार थोड्या. तेथेंच उगवलेल्या चोरास चोरीच्या मालावरून ओळखावयाचें, आणि माल तर घरोघरीं तोच!

एकानें निभत नाहीं म्हणून अनेक खुणांची मोळी बांधण्याचे प्रयत्न झाले. २००८ त अमेरिकेंत अशी एक तपासणी बाजारांत आली. तींत सीए-१२५ बरोबर इन्सुलिनसारखें एक वृद्धिकारक द्रव्य व आणखी चार प्रथिनें होतीं. प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें ती शंभर रुग्णांपैकीं ९५ ओळखी व शंभर निरोग्यांपैकीं एखादीसही चुकून गोंवीत नसे; नेमका आंकडा ९९.४ टक्के. ऐकणारास वाटेल, आणखी काय हवें? पण हिशेब करून पाहावा. कोणत्याही एका वेळीं हा रोग अडीच हजार प्रौढ स्त्रियांत सुमारें एकीस असतो असें धरूं. एक लाख स्त्रिया तपासल्या तर रोगी ४०; त्यांतल्या ३८ सांपडतील. उरलेल्या ९९,९६० निरोग्यांपैकीं ०.६ टक्के, म्हणजे ६००, चुकून रोगी ठरतील. एका खऱ्या रुग्णेमागें पंधरासोळा जणींवर खोटा आरोप. आणि त्या आरोपाची शहानिशा पोट उघडल्याशिवाय होत नाहीं. पाहणींत रोगी मुद्दाम मोठ्या प्रमाणांत निवडले होते, म्हणून हें झांकून गेलें. सरकारी खात्यानें हरकत घेतली व त्याच वर्षीं ती तपासणी मागें घेण्यांत आली. हा हिशेब कागदावरचा नव्हे. अमेरिकेंतच ७८,२१६ स्त्रियांची एक पाहणी २०११ त प्रसिद्ध झाली. तींत निम्म्यांची सीए-१२५ व ध्वनिलहरींनीं वर्षानुवर्ष तपासणी झाली. ३,२८५ निरोगी स्त्रिया चुकून संशयित ठरल्या. १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली. १६३ जणींना त्यापासून गंभीर इजा झाली. या रोगानें मेल्या त्या तपासलेल्यांत ११८, न तपासलेल्यांत १००.

इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथील पाहणी याहूनही मोठी: २,०२,६३८ स्त्रिया, १६ वर्षांवर पाठपुरावा. तेथें एका वेळचा आंकडा न धरतां सीए-१२५ चा प्रत्येक स्त्रीमधील चढ पाहिला जाई. ही युक्ति खरोखर शहाणपणाची होती. तिनें रोग आरंभींच्या अवस्थेंत अधिक सांपडूं लागला व अखेरच्या अवस्थेंत कमी. मग २०२१ त मृत्यूंचा हिशेब निघाला. तपासलेल्या व न तपासलेल्या, सर्व गटांत या रोगानें मृत्यु ०.६ टक्के. रोग लवकर सांपडला, आणि जीव वांचले नाहींत. ज्या दोन आंकड्यांमधील अंतरापासून आपण निघालों तें अंतर केवळ वेळेचें नसून रोगाच्या जातीचेंही असावें, हा संशय येथें बळावतो. या कर्करोगाच्या सर्वांत घातक प्रकाराचा उगम पुष्कळदां अंडाशयांत नसून शेजारच्या बीजवाहिनीच्या टोंकाशीं होतो, असें २००१ पासूनच्या शोधांनीं दिसून आलें आहे. तेथील ठिपका डोळ्यांस दिसणार नाहीं एवढा असतांनाच पेशी पोटांत गळूं लागतात. रक्तांत खूण उमटावी इतकें अर्बुद होईपर्यंत तें पुष्कळदां पसरून गेलेलें असतें.

उपचार संपल्यानंतर रोग पुन्हा उठतो आहे काय हें सांगण्यास सीए-१२५ उत्तम, याविषयीं कोणाचाच वाद नाहीं; लक्षणांच्या कित्येक महिने आधीं तें चढूं लागतें. मग चढतांच औषध सुरू करावें, हें इतकें उघड वाटे कीं, तें तपासून पाहण्याची गरजही पुष्कळांस भासेना. गॉर्डन रस्टिन यांनीं तें तपासलें. ५२९ स्त्रियांत आंकडा नेहमींच्या मर्यादेच्या दुप्पट झाल्यावर निम्म्यांस लागलींच औषध दिलें. उरलेल्यांस तो आंकडा न सांगतां लक्षणें दिसेपर्यंत थांबविलें. पहिल्या गटास औषध ४.८ महिने आधीं मिळालें. २०१० त निकाल लागला: लवकर औषध मिळालेल्यांचें मध्यम आयुष्य २५.७ महिने, थांबलेल्यांचें २७.१. म्हणजे फायदा कांहीं नाहीं. उलट पहिल्या गटांतील स्त्रियांची सुखाची स्थिति आधीं बिघडली. दर तीन महिन्यांनीं एका आंकड्याची वाट पाहत ज्या बायकांनीं रात्री काढल्या त्यांना या निबंधानें काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. कित्येकींनीं त्यानंतर तो आंकडा विचारणें सोडून दिलें. कित्येकींना तो कळल्यावांचून राहवत नाहीं. दोघींनाही दोष देण्याचा अधिकार आम्हांस वाटत नाहीं.

खूण म्हणून हरलेलीं वृद्धिकारक द्रव्यें लक्ष्य म्हणून मात्र पुन्हा पुढें आलीं. स्तनाच्या कर्करोगांत यश मिळविलेलें एचईआर-२ या ग्राहकावरील औषध येथें फारसें चाललें नाहीं; ८३७ अर्बुदें तपासून ९५ तच तो ग्राहक भरपूर मिळाला, व त्यांतूनही गुण थोड्यांस आला. व्हीईजीएफला धरून ठेवणारें बेव्हॅसिझुमॅब हें प्रतिपिंड अधिक उपयोगी पडलें. २०११ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत १,८७३ स्त्रिया होत्या. नेहमींच्या औषधावर रोग वाढेपर्यंत मध्यम काळ १०.३ महिने गेला. हें औषध जोडून पुढेंही चालूं ठेवलें तेव्हां १४.१. येथें एक मौज आहे. या प्रयोगांत सीए-१२५ चढलें तरी रोग वाढला असें धरीत. तेवढी अट बाजूस ठेवून तोच हिशेब केला तर आंकडे १२ व १८ महिने येतात. स्त्रिया त्याच, रोग तोच. घड्याळ मात्र दोन. एकूण आयुष्यांत सर्व रुग्णांचा विचार करतां फरक पडला नाहीं.

कोणास हें महागडें औषध द्यावें व कोणास त्याच्या त्रासापासून वांचवावें, हा प्रश्न त्यानंतर साहजिकच उठला. औषध ज्या द्रव्यास धरतें तेंच रक्तांत मोजून उत्तर मिळेल असें वाटलें होतें. प्रत्यक्षांत भरंवसा ठेवावा अशी कोणतीही रक्ताची तपासणी अद्याप ठरलेली नाहीं. पण त्याच प्रयोगांतील नोंदी २०१५ त पुन्हा चाळल्या गेल्या, आणि त्यांत दिसलें तें असें: ज्यांच्या पोटांत आरंभीं पाणी सांचलें होतें त्या स्त्रियांचें आयुष्य या औषधानें कांहीं वाढलें, ज्यांच्या पोटांत पाणी नव्हतें त्यांचें नाहीं. मागाहून काढलेलें हें अनुमान आहे, व तें तितक्याच सावधपणें घ्यावें. त्यासाठीं रक्ताचा थेंब काढावा लागला नाहीं. पोट तपासतांना डॉक्टरांनीं कागदावर लिहून ठेवलें होतें तेवढें पुरलें.